जावयाचा जिताडा

१० एप्रिल १९५५

पाटलिणीच्या आमटीला अळणी म्हटलं आणि घरात भूकंप!

बारशाचं जेवण होतं. तिनेच विचारलं — "कमळ, आमटी कशी झालीय गो?" विचारलं म्हणून सांगितलं. अळणी तर अळणी. सगळ्या बायका घास हातात धरून माझ्याकडे बघत बसल्या. घरचा उंबरा ओलांडला आणि आत्या सुटली. "जिभेला काही हाड! एकोणीस वर्सांची घोडी झालीस! उद्या सासरी पन असंच बोलशील?" आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, सोनूबाई. आई गेली तेव्हापासून मला तिनेच वाढवलं, म्हणून ओरडायचा हक्कही तिचाच.

बाबा मिठागरावरून आले. पोटऱ्यांवरचा खार धुता धुता सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "अळनी व्हती ना? मंग?" आत्या आणखीनच भडकली.

बाकी कशातही मी खोटं बोलते. सर्रास बोलते. चवीचं मात्र जमत नाही, तोंडातून निघतच नाही. मिठागरवाल्याची पोर, काय करणार!

१२ एप्रिल

ताडगोळे आले. या वर्षीचे पहिले. दादाने पानात बांधून आणले आणि मी उभ्या उभ्या सगळे संपवले. "अगो, मला एक तरी ठेव!" नाही ठेवला. ताडगोळा कोवळाच हवा, नखाने साल सुटली पाहिजे आणि चावल्यावर पाणी थेट कोपरापर्यंत यायला पाहिजे. जून असेल तर तो खाण्यापेक्षा खडू खावा.

१५ एप्रिल

दुपारभर तळ्यावर बसले होते. पाणी पायरीखाली गेलंय, एवढं आजवर कधी आटलं नव्हतं. जिताडा दोनदा दिसला. केवढा झालाय! पाठ वर आली की पाणी नुसतं डहुळतं.

मी सातवीची फायनल पास झाले त्या पावसाळ्यात बाबांनी त्याला बोटाएवढा असताना सोडला होता. आमच्या घरची ही पद्धतच आहे. पोरगी घरात वाढते, तिच्या नावाचा जिताडा मागच्या तळ्यात वाढतो. लग्न ठरलं की मासा वर आणि त्याचं डोकं जावयाच्या ताटात. आत्याच्या वेळीही असंच झालं होतं. तिच्या नवऱ्याला डोकं फोडताच येईना, त्या गोष्टीवर बाबा अजून हसतात.

खाडीतली बारीक कोळंबी धुऊन रोज त्याला टाकते कोण? मी. आणि खाणार कोण? कुठला तरी परका बाप्या, ज्याने याचं तोंडही पाहिलं नाही! मला जिताड्याचं डोकं कधी मिळालंच नाही. बायकांच्या पंगतीला येईपर्यंत शेपटाकडचं उरतं. आज त्याला सांगितलं, तुला मीच खाणार आहे. ऐकलं असेल.

१८ एप्रिल

दादाने अलिबागच्या लायब्ररीतून कादंबरी आणलीय. दोनशे पानं झाली, नायिका अजून एकदाही जेवलेली नाही. रडते, खिडकीत उभी राहते, पत्रं फाडते. जेवत का नाही ही बाई? एक पेज तरी पी! पुस्तक मिटलं, आत्याने केलेलं आठळ्या-सुकट पुढ्यात घेतलं आणि भाकरीबरोबर निवांत खाल्लं. आठळ्या अर्ध्याच शिजवायच्या, सुकट आधी कोरडी भाजून घ्यायची. हे त्या लेखकाला कुणीतरी सांगा.

२१ एप्रिल

बाळाजीमामा स्थळ घेऊन आला. मुलगा हिरामण. खाडीपलीकडचे, पेणच्या अंगाचे. त्यांचंही मिठागर आहे. मुलगा मुंबईत गोदीत नोकरीला, वडील नाहीत, आई आणि तो. रविवारी अक्षयतृतीयेला बघायला येणार.

मामाने आत्याच्या हातची चिंबोरी चोखत चोखत सगळं सांगितलं, त्यामुळे अर्धं कळलंच नाही.

२४ एप्रिल

काय हा दिवस!

आत्या पहाटेपासून चुलीपुढे. वाळवलेल्या कोळंबीचे वांगं-सोडे, कैरी घालून ओली कोळंबी, तांदळाच्या भाकऱ्या. मी चाखून चाखून मीठ सांगत होते. सोडे तर असे झाले होते की पाहुण्यांना वाढायचं जिवावर आलं. पानं मांडली, मी वाटी ठेवायला वाकले आणि हिरामणने पान हळूच मागे ओढलं. मला वाटलं, लाजतोय. मी वाटी पुढे केली. त्याने पान आणखी मागे घेतलं. तेवढ्यात त्याची आई ओरडली — "अगो, माळ हाय आमच्या घरात!"

सदऱ्याच्या आत तुळशीची माळ! म्हणजे मासळी नाही, अंडं नाही, काही नाही. सगळे मामाकडे बघायला लागले. मामा म्हणतो, "मना वाटलं, तुमाला ठावं असंल." ठावं असंल! चिंबोरी खायच्या आधी सांगितलं असतंस तर!

आत्या आत पळाली. दुसरी भांडी, दुसरी चूल. वरण शिजेपर्यंत पाहुणे लाह्यांवर. बाबा घामाघूम. शेवटी वरणभात आणि कैरीचं लोणचं वाढलं. हिरामण जेवला. "लोणचं कुणी केलंय?" विचारलं त्याने.

"आत्याने. मेथी जरा जास्त झालीय." — माझ्या तोंडून गेलंच.

आत्याने दाराआडून मला डोळ्यांनी खाल्लं. आणि तो हसला. चांगला मोठ्याने हसला. माझ्या असल्या बोलण्यावर आजवर कुणी हसलं नव्हतं.

आणखी एक पाहिलं. सोड्यांची वाटी परत नेताना त्याची नजर वाटीबरोबर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

२५ एप्रिल

तो आवडलाय. लिहून टाकते, इथे कोण बघतंय!

२८ एप्रिल

त्यांचा होकार आला. सोबत त्याच्या आईचा निरोप — पोरगी पसंत हाय, आमच्या घरात भांडं बाटत न्हाय येवढं ध्यानात ठेवा.

बाबा खूश. "निर्व्यसनी पोरगा हाय." आत्या त्याहून खूश. "बरं झालं! हिची जीभ जरा ताब्यात येल." मग बाबा पडवीत जाऊन तळ्याकडे बघत उभे राहिले. "पाच वर्सं पोसला," म्हणाले. "जावई भेटला तो माळकरी!"

मला विचारलं, तुझ्या मनात काय? मी म्हटलं, सांगते. म्हणाले, "तळं सुकायच्या आत सांग, बाय. चिखलात तडफडून मरल तो."

३० एप्रिल

जन्मभर मासळी नाही. जन्मभर!

सोडे नाहीत, सुकट नाही, चिंबोरी नाही. पावसाळ्यात बाहेर धो धो लागलेला असताना चुलीत भाजलेला बोंबील नाही. आजपासून मासळी सोडून बघायची असं ठरवलंय. बघू, जमतं का.

१ मे

वालाचं बिरडं खाल्लं. सुरेख होतं. वाल नीट सोललेले, खोबरं सढळ हाताने, वर कोकम. उगाच एवढी घाबरले होते. लोक जगतातच की!

२ मे

फणसाची भाजी. ठीक.

३ मे

शेजारी सुकट भाजतायत. वास थेट माजघरात येतोय. आत बसले, बाहेर बसले, विहिरीवर गेले. कादंबरी उघडली, नायिका खिडकीत रडत होती. मिटली. परत विहिरीवर गेले. पाणी भरून ठेवलेलं असताना आणखी भरलं. आत्या विचारते, "गाव जेवाला येनार हाय का?"

४ मे

खाल्ली. शेजारणीच्या चुलीपाशी बसून, हातावर घेऊन खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

८ मे

पोयनाडला तंबूतला सिनेमा आलाय. दादा, आत्या आणि मी गेलो. जमिनीवर बसायचं, मध्ये दोरी, एका बाजूला बायका. सिनेमात आई मुलाला जेवायला वाढते आणि तो रिकामा हात तोंडाकडे नेतो. ताटात काहीच नाही! आजूबाजूच्या बायका मुसमुसत होत्या आणि मला हसू आवरेना.

मग रीळ तुटलं. दिवे लागले. दादा भजी आणायला निघाला, मीही मागोमाग गेले, कारण दादाला करपलेली भजी ओळखता येत नाहीत. कढईपाशी हिरामण उभा! भावकीतल्या लग्नाला आलाय म्हणे. दादा शहाणा, भज्यांच्या रांगेत पाठ करून उभा राहिला.

पहिल्यांदा तो मुंबईचं सांगत होता. गोदीजवळच्या इराण्याकडचा कडक पाव आणि त्यावरचं लोणी. चहात किती वेळ बुडवायचा तेही सांगितलं. पाव मऊ पडायच्या आत बाहेर काढायचा. मी म्हटलं, हा माणूस खाण्याचं बोलतो तेव्हा नीट बोलतो.

म्हणून विचारून टाकलं. "माळ का घातली?"

"मुदतीचा ताप आलेला. अठरा वर्सांचा व्हतो. वैद्याने हात टेकले. आयने देवापुढं बोलून माळ घातली, आधी माझ्या गळ्यात, मग आपल्या. दुसऱ्या आठवड्याला ताप उतरला." सदऱ्यावरून माळ चाचपली. "आता ती कशी काढू?"

"काढ असं कोण म्हणतंय?"

"तुमच्यात वांगं-सोड्याला आंबट काय घालतात? कैरी का कोकम?"

"कोकम."

त्याने डोळेच मिटले. "आमची आजी कैरी घालायची," म्हणाला. मग अगदी हळू, "मी खायाचो न्हाय. पन तू सोडू नको. मी सोडलंय ना, मना ठावं हाय कसं व्हतं ते."

"मग भांडं बाटेल त्याचं काय?"

"आयशी बोलतो."

तेवढ्यात रीळ जोडलं गेलं. पुढचा सिनेमा कसा होता मला माहीत नाही.

९ मे

त्याने भजी घेतली होती, एकसुद्धा खाल्ली नाही, बोलतच राहिला. माझी मी संपवली. आता वाटतंय, एखादी तरी उरवायला हवी होती.

१२ मे

काही निरोप नाही. बाबांना सांगितलं, माझं त्याच्यावर अवलंबून आहे, तो आईशी बोलतोय. बाबांनी मान डोलावली. आत्याने कपाळावर हात मारला.

तळ्याला आता गुडघ्याएवढं पाणी. जिताडा मधल्या खड्ड्यात गेलाय.

१४ मे

वाडीत लग्न. आमच्याकडे लग्न लावायला धवलारीण येते, ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी म्हणते आणि तिच्या आवाजावर सगळं पुढे सरकतं. मला उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी करमणूक हीच. सिनेमा एका बाजूला, ही बाई एका बाजूला. आज मात्र दोन धवल्यांच्या मध्ये पाणी प्यायला थांबली आणि सगळ्यांसमोर मलाच विचारलं — "तूच ना गो ती, माशापायी नवरा सोडनारी?"

मांडव हसला. पाटलीण तर पदर तोंडात कोंबून हसली, आमटीचं उट्टं निघालं तिचं. मामाच्या तोंडात काही राहत नाही, मासळी सोडून!

जेवायला बसलेच नाही. मी! लग्नाच्या पंगतीतून न जेवता उठून आले.

१५ मे

मला तो हवाय. आणि मला मासळीही हवीय. यात एवढं वाईट काय आहे? पुरुष म्हणतो, मला हे हवं नि तेही हवं, तेव्हा त्याला कुणी हसत नाही. मी कुणाचं काय काढून घेतलंय?

नायिका मेली. शेवटच्या पानावर. उपाशीपोटी, दुसरं काय!

१७ मे

आत्या रागाने बोलली असती तर बरं होतं. आज समजावून बोलली. "बाय, मी तुझ्या आतोबांसाठी काय काय सोडलं तुला ठावं न्हाय. ते गेले, पन सोडलेलं काही परत आलं न्हाय." म्हणजे तिला काय म्हणायचंय? सोड की सोडू नको? विचारलं तर पापड उलटायला उन्हात निघून गेली.

रायवळ आंबे पिकलेत. चोखायला घेतला, अर्ध्यावर ठेवून दिला. आंबा अर्ध्यावर!

१९ मे

बाबा म्हणाले, आता थांबता येनार न्हाय. महिनाअखेर काढायलाच लागंल, निरोप येवो न येवो.

रात्रंदिवस तेच डोक्यात. आईशी बोललाच नसेल. किंवा बोलला आणि ती नाही म्हणाली. किंवा त्याचंच मन फिरलं, म्हणाला असेल, कशाला ही खादाड पोरगी!

२० मे

आला! मामा आला!

घाम पुसतो, पाणी पितो, पान लावतो. मी दाराआड जीव मुठीत धरून उभी. शेवटी बाबा ओरडले, "अरे, बोल की भाड्या!"

त्याच्या आईचा निरोप असा — मागल्या पडवीत वेगळी चूल, वेगळी भांडी. एकादशीला न्हाय. ते भांडं माझ्या चुलीपाशी आनायचं न्हाय. एवढं सांगून मामाने पान तोंडात सारलं. मग म्हणाला, "आनि येक. ती म्हनाली, मी घरात असताना सोडे भाजू नको. मना पन वास सहन व्हत न्हाय." मला वाटलं, किळस येत असेल. तर मामा म्हणतो, "तसं न्हाय गो. लय आवडीचे व्हते तिच्या. लेकासाठी सोडलेत तिनं."

मी होकार सांगितला. सांगताना रडले. त्या बाईसाठी रडले की माझ्यासाठी, कळलं नाही. सोडे ती देवळात गेली की भाजीन.

दुपारी पाच आंबे खाल्ले.

२८ मे

उद्या साखरपुडा. आज जिताडा काढला.

दादा आणि बाबा चिखलात कमरेपर्यंत उतरले होते. पहिल्यांदा जाळ्यातून निसटला, दादाला आडवा पाडला. काठावर आणला तेव्हा माझ्या हातापेक्षा लांब. चंदेरी, नुसता चमचम. मी त्याला इतके दिवस खाणार खाणार म्हणत होते आणि आता बघवेना. आत जाऊन बसले.

मग आत्याने मसाला वाटायला घेतला आणि मिरच्या कमी पडतायत असं वासावरून कळलं. उठून बाहेर आले.

२९ मे

सगळं नीट पार पडलं. बोटात अंगठी आहे, जरा घट्ट आहे.

पंगतीला पुरुष बसले. हिरामण आणि त्याची आई पलीकडच्या पडवीत, त्यांच्यासाठी वरणभात, बिरडं वेगळ्या चुलीवरचं. इकडे परातीत जिताडा आला आणि सगळे माना उंचावून बघायला लागले. डोकं कुणाला? मामाने ताट सरळसुद्धा करून ठेवलं होतं.

बाबा म्हणाले, "कमळचं पान मांडा."

आत्या म्हणाली, "पुरुषांच्या पंगतीत? आज? लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे. जावई खात न्हाय. मंग जिनं पोसला तिचा."

आणि बाबांनी आपल्या हाताने डोकं माझ्या पानात वाढलं. मी बसले. समोर, अंगणापलीकडे, हिरामणचं ताट थेट माझ्या पानासमोर. त्याच्या आईने तोंड फिरवलं नाही. तीही बघत होती.

पुढचं आज लिहवत नाही. डोळे मिटतायत.

३० मे

पहिला घास घेतला. जन्मात असं काही खाल्लं नव्हतं. गालाचा तो मऊ तुकडा, कोकम जिथल्या तिथे, मीठ नेमकं, बाबांच्या स्वतःच्या वाफ्यातलं. पाटलीण, मामा, बाबा, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. अंगणापलीकडून हिरामणने विचारलं, "कसा झालाय?"

त्याच्या ताटात वरणभात. शेजारी त्याची आई, हातातला घास तसाच.

"अळणी," मी म्हटलं.